रात्रीचा धंदा : रोज उघडू नका, भरून उघडा



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय होता रात्रीचा धंदा. व्हिडिओत आकडे भरभर गेले, म्हणून ते इथे सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

लोक आता नुसतं पोट भरायला बाहेर पडत नाहीत. कोणी भंडारदऱ्याला काजवे बघायला जातं, कोणी जळगावकडे शेतावर भरीत पार्टीला. कोणी मुंबईत मध्यरात्री सायकलवर गेटवे ते मरीन ड्राइव्ह फिरतं, तर कोणी इंदूरला फक्त सराफ्यात खायला म्हणून गाडी काढतं. हे सगळं मोबाईलवर बघून अनेकांच्या डोक्यात एकच गोष्ट येते : "दादा, गच्चीवर कॅफे टाकू का? दोन-तीन लाख साठवलेत."

टाका, पण आधी एक हिशोब करा. या धंद्यात पैसे बहुतेक वेळा चव वाईट असल्यामुळे बुडत नाहीत, रिकाम्या रात्रींमुळे बुडतात.

१. हा माल दुसऱ्या दिवशी विकता येत नाही

माझं भांड्यांचं दुकान आहे. आज न विकलेला कुकर फळीवरच बसतो आणि उद्या विकला जातो. फार तर थोडी धूळ पुसावी लागते. रात्रीच्या धंद्यात असं होत नाही. शनिवारी तुमच्या पंगतीत नऊ पानं रिकामी राहिली, तर ती रविवारी "कालची शिल्लक" म्हणून विकता येत नाहीत. रात्र संपली की माल संपला.

आपल्याकडे तमाशाच्या फडांना हे फार पूर्वीपासून कळलंय. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला दरवर्षी फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येतात, तारीख बघतात, बोलणी करतात आणि इसार देऊन फड ठरवतात. म्हणजे फडाची ती रात्र खेळाच्या किती तरी आधी विकली गेलेली असते. ज्या तिथीला अनेक गावांच्या यात्रा एकदम येतात, त्या तिथीचा भाव वेगळा.

पुस्तकात याला 'ॲडव्हान्स बुकिंग' आणि 'मागणीनुसार दर' म्हणतात. आम्ही बीबीएला हेच इंग्रजीतून शिकलो. नारायणगावात ते राहुटीत बसून चालतं.

२. आता आकडे

उदाहरण खानदेशातल्या भरीत पार्टीचं घेऊ. हिवाळ्यात शेतावर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजायची, हिरवी मिरची-लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. शहरातल्या माणसाला थंडीत शेकोटीजवळ बसून हे खायचं असतं आणि त्यासाठी तो पैसे मोजतो.

खालचे दर समजावण्यापुरते धरलेत. तुम्ही तुमच्या गावचे टाका.

- एका रात्री जास्तीत जास्त पानं : २४
- एका पानाचा दर : ६०० रुपये
- एका पानामागचा कच्चा माल (वांगी, पीठ, तेल, दाणे, मठ्ठा, पत्रावळ वगैरे) : २२० रुपये
- म्हणजे एका पानामागे हातात : ३८० रुपये

आता पाहुणे किती आले यावर अवलंबून नसलेला, एका रात्रीचा ठरलेला खर्च :

- शेतमालकाला जागेचे : १,२००
- स्वयंपाकाच्या दोन मावश्या, प्रत्येकी ७०० : १,४००
- एक मदतनीस : ५००
- दिवाबत्ती : ४००
- सामान ने-आण : ५००
- अहिराणी गाणी म्हणणारे कलाकार : १,०००
- एकूण : ५,००० रुपये

५,००० भागिले ३८० केलं की येतात १३.१६. म्हणजे चौदावा पाहुणा आला की खर्च निघतो. पहिले तेरा जण तुमच्यासाठी नाही, खर्चासाठी जेवतात. हा चौदाचा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

पुढे बघा :

- १० पाहुणे आले : १,२०० रुपये तोटा
- १५ आले : ७०० रुपये नफा
- २० आले : २,६०० रुपये नफा
- २४ आले : ४,१२० रुपये नफा

पंधरा पाहुण्यांची रात्र दिसायला झकास असते. हशा, गाणी, फोटो सगळं असतं. आणि रात्री बाराला भांडी घासून झाल्यावर तुमच्या हातात सातशे रुपये पडतात.

३. कमी रात्री, जास्त पैसे

आता खरा धडा. दोन मैत्रिणी हाच धंदा सुरू करतात असं समजा.

पहिली म्हणते, मोसम थोडाच असतो, एकही शनिवार-रविवार सोडायचा नाही. ती २६ रात्री उघडते आणि सरासरी १५ पाहुणे येतात. २६ गुणिले ७०० म्हणजे १८,२०० रुपये.

दुसरी फक्त १२ रात्री जाहीर करते. तारखा महिनाभर आधी सांगते, पैसे आधी घेते आणि प्रत्येक रात्र २४ पानांनी भरते. १२ गुणिले ४,१२० म्हणजे ४९,४४० रुपये.

पहिलीने ३९० माणसं जेवू घातली, दुसरीने २८८. शंभर माणसं कमी, राबणं निम्म्याहून कमी, आणि पैसे अडीचपटीपेक्षा जास्त. भांडी, सतरंज्या आणि दिव्यांच्या माळांत दोघींनी ६०,००० घातले असतील, तर दुसरीचे बहुतेक पैसे एका हिवाळ्यात परत येतात. पहिलीला चौथा हिवाळा लागतो, आणि तोवर तिने बहुतेक "या धंद्यात काही राम नाही" म्हणून सतरंज्या विकलेल्या असतात.

म्हणून सुरुवातीला "रोज सायंकाळी ७ ते ११" असा बोर्ड लावू नका. तारखा लावा.

४. रात्र भरायची कशी?

(अ) पूर्ण पैसे आधी. "येतो म्हणाले" याला पाहुणा धरायचं नाही. यूपीआयवर पैसे आले तोच पाहुणा.

(आ) गुरुवारचा नियम. शनिवारच्या रात्रीसाठी गुरुवारी रात्री नऊपर्यंत चौदा पानांचे पैसे आले नसतील, तर तेव्हाच फोन करा. "पुढच्या शनिवारी या, नाहीतर पैसे आत्ता परत करतो," असं स्पष्ट सांगा. शुक्रवारी बाजारहाट झाली की माघार घेता येत नाही. हा नियम बुकिंग घेतानाच पाहुण्यांना कळवून ठेवा, म्हणजे कोणी रागावत नाही.

(इ) पूर्ण रात्र एकाच गटाला विका. सोसायटी, ऑफिस, शाळेची जुनी बॅच. किमान २० पानांचे, म्हणजे १२,००० रुपये आधी. माणसं कमी आली तरी रक्कम तीच. नारायणगावची पद्धत हीच आहे.

(ई) रिकामी पानं भरायला ऐन वेळी दर पाडू नका. ज्याने महिनाभर आधी ६०० भरले, त्याच्या शेजारी ३५० वाला बसला की पहिला पुन्हा येत नाही. सूट द्यायचीच असेल तर लवकर पैसे भरणाऱ्याला द्या.

५. जागा विकत घेऊ नका, मोकळी शोधा

इंदूरचा सराफा बघा. होळकरांच्या राजवाड्याजवळची ही गल्ली दिवसा सोन्या-चांदीची बाजारपेठ असते. रात्री सराफांची शटर खाली आली की त्याच दुकानांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्टे का कीस, गराडू, दहीवडे, भल्या मोठ्या जिलब्या. मध्यरात्रीपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. एकच जागा दिवसा एका धंद्याची आणि रात्री दुसऱ्याची.

तुमच्या गावात रात्री मोकळी पडणारी जागा कोणती? बंद झालेल्या दुकानापुढचा ओटा, मंगल कार्यालयाचं लग्न नसलेल्या दिवसांतलं अंगण, नर्सरी, द्राक्षबाग. मालकाशी महिन्याचं भाडं ठरवू नका, रात्रीचं ठरवा. आणि तोंडी नको, कागदावर घ्या.

६. गर्दीने माल खराब होतो

अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस नीट धरायच्या आधी, झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. तिथल्या गावकऱ्यांना यातून जेवण, मुक्काम, पार्किंगचं काम मिळतं. पण काजव्याचा प्रकाश हा जोडीदाराला दिलेला इशारा असतो. गाड्यांचे हेडलाइट, टॉर्च आणि फ्लॅश पडले की तो इशारा पोहोचत नाही. जास्त गाड्या आल्या की ज्यासाठी लोक आले तेच बिघडतं.

तुमच्या भरीत पार्टीचंही तसंच. चोवीस पानांच्या शेकोटीभोवती साठ माणसं बसवली की ती पार्टी राहत नाही, लग्नाची पंगत होते. आकडा ठरवा आणि पाळा. "हाउसफुल" म्हणायला लाजू नका.

७. कायद्याच्या पाच गोष्टी

महाराष्ट्रात धंदा करणार असाल तर एवढं माहीत हवंच.

१. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मुळे साधी दुकानं आणि खाद्यगृहं रात्रीही उघडी ठेवता येतात. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त सूचना द्यावी लागते. पण कायदा शटर उघडू देतो, गिऱ्हाईक आणून देत नाही. दारूच्या ठिकाणांच्या वेळा वेगळ्या असतात.

२. याच कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईमाणसाला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते. तिची सुरक्षितता आणि घरापर्यंत पोहोचवायची सोय ही तुमची जबाबदारी. आपल्या उदाहरणातल्या मावश्यांना घरी सोडायचा खर्च हिशोबात धरा. तो 'ने-आण'मध्ये मावत नसेल तर ओळ वाढवा, आणि मग तुमचा चौदाचा आकडा पंधरा होईल. होऊ द्या.

३. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर नाही. गाणी दहापर्यंत, पुढे शेकोटीभोवती गप्पा. ढोलकी-पेटीचा आवाजही शेजारच्या वस्तीला त्रास होणार नाही इतकाच.

४. खाद्यपदार्थ विकायचे म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना हवाच. उलाढालीनुसार काय लागतं ते त्यांच्या पोर्टलवर बघा आणि चौदा अंकी नंबर बिलावर छापा.

५. दारू देऊ नका. "पाहुणे स्वतःची आणतील, आम्ही फक्त बसू देतो," हेही चालत नाही. परवाना नसलेल्या जागेत पिऊ दिलं तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो. धंदा पहिल्याच मोसमात संपेल.

८. पाहुणा घरी पोहोचला की रात्र संपते

रात्री बाहेर पडायचं की नाही हे बहुतेक कुटुंबांत घरातली बाई ठरवते. तिचे प्रश्न ठरलेले असतात : रस्त्यावर उजेड आहे का, बाथरूम स्वच्छ आहे का, तिथे आणखी बायका असतील का, परत किती वाजता? या चार प्रश्नांची उत्तरं बुकिंगच्या मेसेजमध्ये आधीच द्या. पार्किंगपासून शेकोटीपर्यंत दिवे लावा, बाथरूमला कडी आणि बल्ब नीट हवा. निघताना प्रत्येक गाडीला हात करा आणि "पोहोचलात की मेसेज टाका" म्हणा. दहा हजारांच्या जाहिरातीपेक्षा हे एक वाक्य जास्त पाहुणे परत आणतं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या दहा किलोमीटरच्या आत रात्री मोकळ्या असणाऱ्या तीन जागा लिहा.

२. तुमच्या भागात वर्षातल्या कोणत्या आठवड्यांत लोकांना रात्री बाहेर पडावंसं वाटतं? कोजागरी, हुरडा, आंबे, यात्रा, काजवे. कॅलेंडरवर खुणा करा.

३. एका रात्रीचा ठरलेला खर्च काढा, एका पानामागे हातात पडणाऱ्या पैशांनी भागा आणि तुमचा 'चौदा' शोधा.

४. फक्त तीन तारखा जाहीर करा. बारा नको, तीनच. भाड्याची भांडी, उसन्या सतरंज्या चालतील. तिन्ही रात्री भरल्या तरच साठवलेल्या पैशांना हात लावा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघत नसेल तर तुमचे आकडे पाठवा. पुढच्या व्हिडिओत फळ्यावर आपण ते एकत्र सोडवू. तोपर्यंत गच्चीवरचा कॅफे कागदावरच राहू द्या, तिथे त्याचं भाडं पडत नाही.