तळ्यातील मासे एकाएकी मरतात तेव्हा

रायगड जिल्ह्यातील पेण व अलिबाग तालुक्यांच्या खारपट्ट्यात घराशेजारी अथवा भातखाचराच्या कडेला तळे खणून त्यात जिताडा वाढविण्याची रीत जुनी आहे. खाडीत मिळणारी पिले तळ्यात सोडावयाची आणि ती पुरेशी वाढली म्हणजे घरासाठी व विक्रीसाठी काढावयाची, असा हा जोडधंदा होय. त्या तळ्यात शेतकऱ्याची वर्ष-दोन वर्षांची मेहनत साठविलेली असते. एखाद्या सकाळी सारे मासे पोट वर करून तरंगताना दिसले, की विषप्रयोगाचा संशय येतो व शेजाऱ्याशी वैर जडते; किंवा दुकानातून मिळेल ते औषध आणून पाण्यात ओतले जाते व उरलेले मासेही जातात. वास्तविक, एका रात्रीत होणारी अशी हानी पुष्कळदा पाण्यातील बिघाडामुळे होते, आणि तो बिघाड कोणता हे मासे कोणत्या वेळी व कोणत्या क्रमाने मेले यावरून बरेचसे ओळखता येते. म्हणून औषधापूर्वी आणि संशयापूर्वी पाण्याची तपासणी करावी.

पहिल्या तासात काय पाहावे

तळ्यावर पोहोचताच पुढील चार गोष्टींची नोंद करावी.

१. मासे पहाटे मेले, भर दुपारी मेले, की दिवसभर मरत आहेत?
२. आधी मोठे मासे मेले की लहान?
३. एकदम सर्व मेले की रोज थोडे थोडे?
४. बेडूक, गोगलगायी, पाणकिडे व कोळंबी जिवंत आहेत काय?

काही तासांत ह्या खुणा पुसल्या जातात. त्यामुळे मेलेले मासे काढण्यापूर्वीच नोंद होणे अवश्य आहे.

प्राणवायूची तूट

मासे पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांवाटे घेतात. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. समुद्राच्या पाण्यात तो ६ मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो. म्हणजे पाणी जितके खारे व जितके उष्ण, तितकी ही शिल्लक मुळातच कमी. लिटरमागे ५ मिलिग्रॅम प्राणवायू असल्यास मासे सुखाने वाढतात. तो ३ च्या खाली गेला की त्यांना त्रास होतो आणि १ च्याही खाली गेला की बहुतेक जाती मरू लागतात.

तळ्यातील सूक्ष्म शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते, परंतु रात्री तेच शेवाळ प्राणवायू खर्च करते. साहजिकच पहाटे सूर्योदयापूर्वी प्राणवायू सर्वांत कमी असतो. पाणी गर्द हिरवे असेल, दोन-तीन दिवस आभाळ भरलेले असेल व वारा पडलेला असेल, तर ही तूट प्राणघातक ठरते. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात व कोळंबी काठाशी गोळा होते. मोठे मासे बहुधा आधी मरतात. तिलापियासारखे चिवट मासे मात्र तग धरतात. ऊन चढल्यावर उरलेले मासे पुन्हा नेहमीसारखे पोहू लागले, तर प्राणवायूची तूट हेच कारण समजावे.

शेवाळ अजमावण्याची सोपी रीत अशी: भर उन्हात हात सरळ पाण्यात बुडवावा. कोपरापर्यंत हात बुडण्यापूर्वीच तळवा दिसेनासा झाला आणि पाणी हिरवे असले, तर शेवाळ फार झाले असे मानून शेणखत व खाद्य बंद करावे.

पावसाचा थर

निमखाऱ्या तळ्यात आणखी एक धोका असतो. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने मुसळधार पावसाचे पाणी वर पसरते व खारे पाणी खाली राहते. दोन्ही थर सहज मिसळत नाहीत. तळाकडे हवा पोहोचत नाही आणि तेथील प्राणवायू संपतो. पुढे जोराचा वारा सुटून थर एकदम मिसळले, की तळाचे दूषित पाणी सर्व तळ्यात पसरते.

हे पडताळण्यासाठी बाटलीस वजन बांधावे, बुचास वेगळी दोरी लावावी, बाटली तळापर्यंत सोडावी व तेथे बूच ओढावे. असे आणलेले तळचे पाणी व वरचे पाणी सारख्या मापाने दोन ताटल्यांत घेऊन उन्हात वाळवावे. मागे उरलेल्या मिठाचे प्रमाण फार वेगळे असेल, तर थर झाले आहेत हे निश्चित. खारेपणा मोजण्याचे उपकरण असल्यास हे काम क्षणात होते. उपाय म्हणून उघाडीच्या वरच्या फळ्या काढून वरचे गोडे पाणी हळूहळू बाहेर सोडावे.

काळा गाळ व अमोनिया

न खाल्लेले खाद्य, विष्ठा व कुजलेला पाला तळाशी साचतो. गाळ काळा असेल व ढवळताच कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होत आहे असे समजावे. अशा तळ्यात माणसांनी उतरून गाळ ढवळू नये. कुजणाऱ्या खाद्यातून अमोनियाही निघतो. पाण्याचा सामू वाढला की अमोनियाचा विषारीपणा वाढतो, आणि हिरव्या पाण्याचा सामू दुपारी सर्वांत अधिक असतो. म्हणून मासे मरू लागले की चुना टाकावा, हा सरसकट दिला जाणारा सल्ला अशा वेळी अपायकारक ठरतो. सामू मोजल्यावाचून चुना टाकू नये.

कीटकनाशक

लहान-मोठे सर्व मासे दिवसाच्या कोणत्याही वेळी थोड्या तासांत मेले, मरण्यापूर्वी वेड्यावाकड्या उड्या मारू लागले आणि कोळंबी व पाणकिडेही मेले, तर विषाचा संशय रास्त आहे. तरीही ते कोणी मुद्दाम टाकले असेल असे नाही. सायपरमेथ्रीनसारखी औषधे माशांना व कोळंबीला अत्यल्प प्रमाणातही मारक असतात. फवारणीनंतरच्या पावसात वाहून आलेले खाचराचे पाणी किंवा तळ्याकाठी धुतलेला फवारणी पंप एवढेही कारण पुरते. असे मासे खाऊ अथवा विकू नयेत.

रोग व इतर कारणे

रोगाने मासे बहुधा रोज थोडे थोडे मरतात व त्यांची संख्या वाढत जाते. अंगावर लाल व्रण, झडलेले पर, कल्ल्यांवर चिकट पदार्थ किंवा चिकटलेल्या उवा दिसतात. नवी पिले सोडल्यापासून एक-दोन दिवसांत मेली, तर दोन्ही पाण्यांच्या खारेपणातील वा तापमानातील फरक कारण असू शकतो. मासे कमी झाले, परंतु एकही मेलेला सापडला नाही, तर पक्षी, पाणमांजर किंवा चोरी यांचा विचार करावा. जिताडा आपल्याच जातीची लहान पिले खातो, हेही विसरू नये. म्हणून सारख्या आकाराची पिलेच एकत्र सोडावीत.

तातडीचे उपाय

खाद्य व खत त्वरित थांबवावे. पंपाने तळ्याचे वरचे पाणी उचलून फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडावे, म्हणजे हवा मिसळते. हे काम विशेषतः मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत चालवावे. चांगले पाणी उपलब्ध असल्यास सुमारे पाव हिस्सा पाणी सावकाश बदलावे. खाडीचे पाणी स्वच्छ असल्याची खात्री असेल तरच भरतीच्या वेळी उघाडीतून ते आत घ्यावे. मेलेले मासे काढून तळ्यापासून दूर चुना टाकून पुरावेत.

नमुना व नोंद

स्वच्छ काचेची बाटली पाण्याखाली पूर्ण भरून पाण्याखालीच बंद करावी व तीवर तारीख, वेळ व ठिकाण लिहावे. नुकताच मेलेला अथवा मरणासन्न मासा बर्फात ठेवावा. कुजलेल्या माशावरून निदान होत नाही. हे नमुने विनाविलंब मत्स्यव्यवसाय विभागाच्या जवळच्या कार्यालयात न्यावेत. रत्नागिरी येथील मत्स्य महाविद्यालयाचाही सल्ला घेता येईल.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने प्रत्येक तळ्यासाठी एक वही सुरू करून द्यावी. पाऊस, आभाळ, पाण्याचा रंग, दिलेले खाद्य, शेजारच्या खाचरातील फवारणी व पहाटेची माशांची हालचाल एवढ्या नोंदी तीत पुरेत. तळ्याची वही नीट ठेवलेली असेल, तर मासे मेल्याच्या दिवशी दोष कोणाचा यावर गावात वाद घालण्याचे कारण पडत नाही. आणि पहाटे काठावर जाऊन पाण्याकडे पाहण्याची सवय जडली, तर पुष्कळदा मासे मरण्याची वेळच येत नाही.