गळाआधी मोजपट्टी

पोरांनो, पहिल्यांदाच रॉड घेऊन एडिसनहून सँडी हूकला निघालात, तर काकाचे चार शब्द ऐकून जा. मला वडिलांनी देवगडच्या खाडीत गरवायला शिकवलं. न्यू जर्सीत आल्यावर बरंच नव्याने शिकावं लागलं.

मागच्या वर्षीच्या नियमावर विसंबू नका. 2023 च्या नोव्हेंबरात एक स्ट्राइप्ड बास मी वाळूवर ओढला. अंगावर काळ्या रेघा, पोट भरलेलं. पट्टीवर ठेवला तर 34 इंच. आदल्या वर्षी 38 इंचांच्या आतला मासा घरी नेता येत होता. त्या वर्षी मर्यादा 31 वर आली होती, म्हणून तो परत सोडला. 2015 साली जन्मलेली मोठी पिढी 2022 मध्ये हाताशी आली आणि हौशी लोकांनी आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट मासे नेले. म्हणून अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांच्या आयोगाने मे 2023 मध्ये तातडीचा आदेश काढला. 2024 मध्येही समुद्रात तोच नियम राहिला: 28 ते 31 इंच, माणशी दिवसाला एक. फ्लूक माशाच्या हंगामाच्या तारखाही बदलत राहतात. म्हणून निघायच्या सकाळी राज्याच्या मत्स्य विभागाचा ताजा तक्ता वाचा. खाऱ्या पाण्यासाठी इथे परवान्याचे पैसे पडत नाहीत, पण मोफत नोंदणी करावी लागते, ती चुकवू नका.

मोजताना मासा पट्टीवर आडवा ठेवा, त्याचं तोंड मिटवा आणि शेपटीची दोन्ही टोकं जुळवा. अर्धा इंच कमी-जास्त वाटला तर सोडून द्या. शंकेचा मासा ताटात गोड लागत नाही.

पाण्यावर हद्दीची रेघ नसते, पण कायद्यात असते. समुद्रात न्यू जर्सीच्या हद्दीत बास वर्षभर धरता येतो, तर खाड्या आणि नद्यांत जानेवारी-फेब्रुवारीत बंदी असते. समोर न्यूयॉर्कच्या समुद्रात हंगाम 15 एप्रिल ते 15 डिसेंबर. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या पलीकडे तर 1990 पासून हा मासा धरायलाच मनाई आहे. बोटीवर जाणार असाल तर आपण कुठल्या पाण्यात आहोत ते आधी विचारा.

आमिष लावणार असाल तर सर्कल हुकच वापरा. 2021 पासून तसा नियम आहे. आपल्याकडची सवय अशी, की दोरी हलली की गरीला झटका द्यायचा. इथे हात आवरा. माशाला आमिष घेऊन वळू द्या, दोरी ताणली की सावकाश रीळ फिरवा. हुक जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही, आणि सोडलेला मासा जगतो. वर घेताना आकडा खुपसू नका, जाळी वापरा. हात ओले करा, वाळूत लोळवू नका, जबड्याला धरून उभा टांगू नका. फोटोच्या नादात त्याचा जीव जातो. पोटाखाली हात देऊन पाण्यात धरा. शेपटीत जोर आला की तो आपण होऊन निघून जातो.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. पहिल्या पावसात आपल्याकडे वलगणीचे मासे अंडी घालायला ओढ्यातून वर चढतात. तसे हे बास वसंतात समुद्रातून चेसापीक, डेलावेअर आणि हडसनच्या गोड्या पाण्यात शिरतात. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी जास्त अंडी घालते. 2019 पासून चेसापीकच्या मेरीलँडकडच्या भागात पिल्लांची गणती सतत सरासरीच्या खाली आली आहे. आज सोडलेली 34 इंची मादी पुढच्या वसंतात नदीकडे जाईल. एक काळ मेरीलँडला हा मासा धरणं पूर्ण बंद करावं लागलं होतं, 1985 ते 1990, पाच वर्षं. ती वेळ पुन्हा येऊ देऊ नका. मासा घरी आला नाही तर डाळ-भात आहेच. पिशवीत गळाआधी मोजपट्टी ठेवा, आणि पुढच्या वर्षी तुमच्या धाकट्यांना हेच सांगा.