उंदरांच्या पिंजऱ्याला रंग द्यावा का?

प्रश्न : आमच्या भाताच्या कोठाराजवळचे उंदरांचे पिंजरे दर पावसाळ्यात गंजतात. रंग दिला तर वासाने उंदीर फिरकत नाहीत, असं शेजारी म्हणतात. काय करावं?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : उंदीर बिचकतो तो मुख्यतः नव्या वस्तूला. त्यामुळे रंग जरूर द्या. पण आठवडाभर उन्हावाऱ्यात ठेवून वास जाऊ द्या. मग दोन-तीन रात्री दार उघडं बांधून आत नुसतं सुकं खोबरं ठेवा. भीड चेपते.

आधी तार मात्र पाहा. साध्या लोखंडाची असेल तर तारेच्या ब्रशने गंज काढून रेड ऑक्साइड आणि वर एनॅमलचे दोन पातळ हात पुरतात. जस्ताचा मुलामा असेल तर तोच खरा रक्षक; त्यावर थेट मारलेला एनॅमल सोलून निघतो. अशा पिंजऱ्याला गंज बहुधा जोडाशी आणि कापलेल्या टोकांशीच धरतो. तिथे जस्तयुक्त प्रायमर लावा, बाकीचं तसंच राहू द्या. गंज जाळण्यासाठी पिंजरा विस्तवात टाकू नका. जस्ताचा धूर बाधतो.

बिजागरी, स्प्रिंग आणि आकडा रंगवायचा नाही, दार अडकतं. तिथे मेण चोळा. वापरलेलं इंजिन ऑइल धान्याजवळ नकोच.

उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून ब्रश घेण्याआधी हातमोजे घालून पिंजरा साबणाने धुवा आणि कडक उन्हात वाळवा.