कायरोप्रॅक्टर व्हायचंय? आधी हे वाचा

पालकांनो, पाठीत उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणूस शोधतात. मुलं मात्र मोबाइलवर मणका ‘कट्’ वाजवणारा कायरोप्रॅक्टर पाहून म्हणतात, “मला हेच व्हायचंय!”

ही पद्धत डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेत सुरू केली. तिथे त्यासाठी सुमारे चार वर्षांचं खास शिक्षण आणि परवाना लागतो. भारतात मात्र तिची स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. म्हणून चार दिवसांच्या शिबिराच्या प्रमाणपत्रावर पैसे घालवू नका. मानेला चुकीचा झटका बसला तर रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

जवळचा रस्ता फिजिओथेरपीचा: बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह, मग बीपीटीएच. जळगावातही असं महाविद्यालय आहे. प्रवेशाआधी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता तपासा. कुठला सांधा हलवायचा नाही, हेही तिथे शिकवतात.