भांडवल राखा, नफा उचला: माशांच्या पिल्लांसाठी घरचे रोटिफर

शोभिवंत मासे घरी वाढवून विकणे हा थोड्या भांडवलाचा जोडधंदा आहे. घरातील स्त्रियाही तो सांभाळू शकतात. गुरामी किंवा फायटरची एक जोडी शेकडो अंडी देते. परंतु पहिल्याच आठवड्यात बहुतेक पिल्ले मरतात आणि नवखा माणूस निराश होऊन टाकी विकून टाकतो.

पुष्कळदा याचे कारण रोग नसून उपासमार असते. पोटाखालची बलकाची पिशवी संपली की पिल्लाला हलते, जिवंत खाद्य लागते. आर्टेमियाचे नुकते जन्मलेले पिल्लूही सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे असते. ते या तोंडात मावत नाही. येथे रोटिफर कामास येतो. हा पाण्यातील सूक्ष्म जीव मिलिमीटरच्या दशांशापासून पाव मिलिमीटरपर्यंत असतो. त्याच्या डोक्यावरील केसांची कडी फिरत्या चाकासारखी दिसते.

जपानात ईल माशांच्या तळ्यांत रोटिफर उपद्रवी मानला जाई. १९६० साली ताकाशी इतो यांनी तोच पिल्लांचे खाद्य म्हणून वापरून दाखविला. आपल्याकडे चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे प्रजनन यशस्वी केले. जिताड्याच्या पिल्लांचा पहिला घासही रोटिफरच असतो.

संवर्धन कसे करावे

१. खारे आणि गोडे अशा दोन्ही पाण्यांच्या जाती मिळतात. गुरामी-फायटरसाठी गोड्या पाण्याची, म्हणजे ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस ही जात मागून घ्यावी. समुद्री जात गोड्या पाण्यात लवकर मरते आणि पाणी नासवते.

२. नळाचे पाणी दोन दिवस हवा सोडून ठेवावे, म्हणजे क्लोरीन निघून जातो.

३. उंच बरणीपेक्षा पसरट भांडे बरे. हवेचे बुडबुडे अगदी मंद असावेत. पाणी २५ ते ३० अंशांच्या दरम्यान राहिले तर वाढ चांगली होते.

४. उत्तम खाद्य म्हणजे हिरवे पाणी, अर्थात क्लोरेला शेवाळ. ते खिडकीतील उन्हात वेगळ्या बरणीत वाढवावे. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा बेकरीचे यीस्ट पाण्यात कालवून थेंब-थेंब द्यावे. आदल्या दिवशीचा गढूळपणा सकाळी गेला नसेल तर त्या दिवशी काही देऊ नये. यीस्ट जास्त झाले की पाणी कुजते, अमोनिया वाढतो आणि एका रात्रीत सारे संपते.

गाळण्याचे कापड

आमच्या कापडधंद्यातील माहिती येथे उपयोगी पडते. छपाईच्या स्क्रीनची नायलॉन जाळी रोटिफर गाळण्यास उत्तम. मात्र फक्त धाग्यांची संख्या विचारून भागत नाही, धाग्याची जाडीही विचारावी. सेंटिमीटरला १२० धागे आणि धागा ३४ मायक्रॉनचा असेल, तर भोक सुमारे ४९ मायक्रॉनचे पडते. त्यातून घाण पाणी निघून जाते, रोटिफर वर राहतात. जाळी कोरी घ्यावी. वापरलेल्या जाळीवर रंग व रसायने असतात. बरणीतील पाणी तसेच पिल्लांच्या टाकीत कधीही ओतू नये.

रोज किती काढावे

एक मिलिलिटर पाणी काचेवर घ्यावे, सिरक्याचा एक थेंब टाकावा आणि काळ्या कागदावर ठेवून भिंगाने मोजावे. सिरक्याने जीव मरून स्थिर होतात आणि मोजणे सोपे जाते. हा आकडा वहीत लिहावा. तो टिकून असेल तर रोज पाव हिस्सा काढून तेवढेच ताजे पाणी घालावे. आकडा घसरला तर काढणे थांबवावे. अधिक काढले तर भांडवलच संपते. काहीच काढले नाही तरी गर्दी होऊन माल नासतो. साठेबाजी येथेही फळत नाही.

एकाच बरणीचा धोका

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाकोल्यातील आमच्या घरी वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला. त्या दिवशी मुंबईत माणसे दगावली. त्यापुढे माझ्या बरणीची काय कथा! पण दोन दिवसांनी पाहिले तर बरणीतील सारे रोटिफर मेले होते. पाठोपाठ गुरामीची पिल्लेही उपाशी मेली. दोष पावसाचा नव्हता, माझा होता. बरणी एकच होती, उंच होती आणि गच्च भरलेली होती.

तेव्हापासून मी तीन भांडी ठेवतो, तीही घराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत. त्यांतील एक पसरट भांडे विरळ वस्तीचे आणि पंपाशिवायचे आहे. एकाचे पाणी वा चमचा दुसऱ्यात जाऊ देत नाही. सारा माल एका गोदामात ठेवू नये, हे दुकानात शिकलेले मी घरी विसरलो होतो.

रोटिफर साधारण आठवडाभर द्यावेत, मग आर्टेमियाची सवय लावावी. अधिक माहितीसाठी वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत चौकशी करावी. १९६१ साली स्थापन झालेली ही संस्था सांताक्रूझहून दूर नाही. पुढे-मागे रोटिफर विकण्याची वेळ आली तर गिऱ्हाइकासमोर मोजून द्यावेत. सूक्ष्म मालात खोट सहज खपते, म्हणूनच तेथे अमानतदारी अधिक हवी. अल्लाह आपल्या हलाल रोजीत बरकत देवो.