बोल्टाच्या डोक्यावरची साक्ष

हिशेबतपासनिसाला नुसती नोंद पुरत नाही, पावती लागते. जुन्या मोटारीचेही तसेच आहे, असे मला वाटते. १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली जग्वार ई-टाइप पाहा. तिचा हाफशाफ्ट नुसते चाक फिरवीत नाही. मागील सस्पेन्शनचा वरचा दुवाही तोच. म्हणून तो जखडणारे बोल्ट मूळचे, निदान त्याच ताकदीचे हवेत.

ते ओळखावेत कसे? प्रथम आटे मोजावेत. ही गाडी इंची मापाची. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, शेजारी ८ मिलिमीटरचा बोल्ट ठेवला तर नजर फसते. पण यूएनएफ बोल्टाला इंचामागे २४ आटे असतात, नेहमीच्या ८ मिलिमीटरच्या बोल्टाला सुमारे २०. मग डोके पाहावे. जुन्या ब्रिटिश बोल्टावर एकमेकांना जोडलेली वर्तुळे ही युनिफाइड आट्यांची खूण होय. 'एस' हे अक्षर ताकदीची प्रत सांगते. '८.८' दिसले, तर तो मेट्रिक बोल्ट, म्हणजे मागाहून घुसलेला समजावा.

मात्र खूण जुळली म्हणजे बोल्ट निर्दोष ठरला असे नव्हे. ताणलेला मूळ बोल्ट कपाटात जपावा. गाडीला त्याच प्रतीचा नवा लावावा. चालवणाऱ्याचा जीव त्यावरच अवलंबून असतो.