नुसता अलार्म गाडी वाचवत नाही
मालाने भरलेला टेम्पो चोरीला गेला की धंदाच बसतो. म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांना आमचे सांगणे असे की, उपकरण पारखून घ्यावे. अलार्म फक्त ओरडतो. इमोबिलायझर मात्र चावीतील चिपचा संकेत जुळल्याशिवाय इंजिन सुरू होऊ देत नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. जुन्या गाडीला स्टिअरिंग लॉक व इंधन तोडणारा छुपा स्विच बसवावा. माल उतरवताना चावी गाडीत सोडू नये. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. केवळ थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई नसते, आणि गाडीच्या विम्यात माल येत नाही. त्याचा विमा वेगळा. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावा, ही शिकवण व्यापारालाही लागू आहे.